तोटीवाला

त्याला एकट्याने बसता येत नाही. बूड गोल, त्यामुळे सपाट जमिनीवर ठेवला की कलंडतो. त्याला चुंबळ द्यावी, मातीत खळगा करून द्यावा, नाहीतर हातात धरून ठेवावं. धरायला कान नाही, मूठ नाही. एक हात गळ्याशी आणि दुसरा पोटाखाली, असं दोन्ही हातांनी घेतलं तरच तो नीट वागतो. रंग तांबूस, नारिंगीकडे झुकलेला, बिनचकाकीचा. अंगावर काळ्या रेघा: तिरप्या, समांतर, कुठे जाळी, कुठे तिरक्या चौकोनांची रांग. तोंड ऐसपैस, बाहेर फाकलेलं. मान आत ओढलेली. मानेखाली पोट फुगत जातं आणि फुगता फुगता एका ठिकाणी विचार बदलल्यासारखं कोन करून आत वळतं. त्या वळणावर स्पष्ट कंगोरा आहे. आणि खांद्यातून, पोटाच्या वरच्या उतारावर, एक नळी बाहेर झेपावते. बाकीचं सगळं इतर भांड्यांकडेही असतं. ही तोटी मात्र त्याची ओळख.

वय विचारलं तर तीन हजार वर्षांच्या पुढे. इसवी सनापूर्वी १४०० ते ७०० हा त्याच्या घराण्याचा काळ. लोखंड अजून यायचं होतं, तांबं मोजकं होतं, दगडाची पाती रोज वापरात होती. त्या माणसांनी गोदावरी, प्रवरा, भीमा आणि तापीच्या खोऱ्यांत कुडाच्या भिंतींची घरं बांधली, बार्ली आणि मसूर पेरला, गुरं राखली आणि हे भांडं घडवलं. आपण त्यांना जोर्वे संस्कृतीची माणसं म्हणतो. त्यांनी स्वतःला काय म्हटलं असेल, ते कुठे लिहून ठेवलेलं नाही, कारण लिपीच नव्हती. त्यांच्या हातचं अक्षर म्हणावं तर ते या भांड्यावरच्या काळ्या रेघा.

जोर्वे हे संगमनेर तालुक्यातलं प्रवरेकाठचं गाव. डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी डेक्कन कॉलेजच्या वतीने १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केलं आणि त्याच मोहिमेत नाशिकलाही खोदलं. दोन्हींचा अहवाल १९५५ साली एकत्रच छापला गेला: नाशिक आणि जोर्वे. पुढे संस्कृतीला नाव मिळालं ते छोट्या गावाचं. मला त्याचा आनंद आहे. नाशिककडे नावं भरपूर आहेत. राम आहे, कुंभमेळा आहे, सातवाहनांची लेणी आहेत. जोर्व्याला मिळालेलं हे एक नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत छापलं जातं. पण नाशिकच्या गोदाकाठच्या मातीच्या गढीत, सातवाहनांच्या थराच्या आणि त्याहीआधीच्या थरांच्या खाली, अगदी तळाशी, ताम्रपाषाण काळातल्या माणसांची वस्ती लागली, ही गोष्ट नाशिककरांपैकी फार थोड्यांच्या कानावर आहे. मी राहतो त्या सातपूरमध्ये तर त्याहून थोड्या.

सातपूर म्हटलं की लोकांना कारखाने आठवतात, आणि ते बरोबर आहे. त्र्यंबक रस्त्याच्या कडेचं, नासर्डीकाठचं हे गाव एमआयडीसीने पार बदलून टाकलं. माझं सगळं आयुष्य इथे लेथवर गेलं. त्यामुळे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात काचेमागे हा तोटीवाला पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी इतिहास पाहत नव्हतो, जॉब तपासत होतो. भिंतीची जाडी पाहिली: पातळ, आणि गळ्यापासून पोटापर्यंत एकसारखी. गोलाई पाहिली: कुठेही लंबगोल झालेला नाही. कंगोरा पाहिला आणि तिथेच थांबलो. गोल वळण घ्यायला हात सरावलेला असला की पुरतो. पण फिरत्या चाकावर ओल्या मातीची दिशा कोन करून बदलायची, आणि भिंत त्या जागी ना जाड होऊ द्यायची ना खचू द्यायची, याला कारागीर लागतो. बघणाऱ्याला ती नक्षी वाटेल. मला तिथे निर्णय दिसला.

आणि मग तोटी. ती चाकावर पोटाबरोबर येऊच शकत नाही. चाक जे देतं ते सगळं एका अक्षाभोवती गोल. तोटी त्या अक्षातून फुटून बाहेर निघते, म्हणून ती वेगळी घडवावी लागते, पोटाला भोक पाडून त्यावर बसवावी लागते आणि ओल्या मातीने सांधावी लागते. म्हणजे एका भांड्यात दोन जॉब आणि एक जोड. जोड जिथे असतो तिथे भीती असते, हे कारखान्यात काम केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. वाळताना दोन्ही भाग वेगवेगळे आकसले तर चीर जाणार, भाजताना जोडात ओल राहिली तर तोटी उडणार. एवढा धोका पत्करून ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या तोटी लावत राहिली. हौस म्हणून कोणी सातशे वर्षं असं करत नाही. त्यांना ओतण्याची शिस्त हवी होती.

या शिस्तीतच त्याचा स्वभाव आहे. घेताना तो उदार: तोंड एवढं मोठं की ओंजळ, कुंडी, वाटी, काहीही त्यात रितं करता येतं. देताना मात्र मोजून. एक धार, एका जागी, पाहिजे तेवढीच. तोटी खांद्यावर असल्यामुळे पोटात तळाशी बसलेला गाळ तळाशीच राहतो आणि वरचं निवळ तेवढं बाहेर येतं. मडक्याच्या काठावरून ओतलं की अर्धं अंगावर सांडतं. याच्याकडून सांडत नाही. दुसऱ्याच्या ओंजळीत, लहान तोंडाच्या भांड्यात किंवा तान्ह्याच्या तोंडात काही द्यायचं असेल तर असंच भांडं पाहिजे.

त्याचा आवाजही सांगितला पाहिजे. अहवाल लिहिणाऱ्यांनी या भांड्यांबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे: बोटाने वाजवलं की धातूसारखा नाद येतो. असा नाद फुकट मिळत नाही. माती बारीक हवी, चांगली मळलेली हवी आणि आच चढती व पुरेशी हवी. भट्टीत हवा खेळती राहिली की मातीतलं लोह लाल होतं. तोच हा तांबूस रंग. इनामगावला, म्हणजे शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, अशी मोठी गोल भट्टी सापडली आहे. उन्हाळ्यात आमच्या त्र्यंबक रस्त्यावर माठ मांडले जातात, तेव्हा घेणारी प्रत्येक बाई बोटाचं पेर मुडपून माठ वाजवते, बद्द आवाज आला की बाजूला सारते, खणखणीत आला की भाव विचारते. सांकलियांनी कागदावर लिहिलेली कसोटी आणि तिची कसोटी एकच आहे.

इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं चाललं. मधुकर ढवळीकर, सांकलिया आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी ते केलं. त्यामुळे आपल्या तोटीवाल्याचं घर, अंगण, शेजार हे सगळं तिथे कळतं. शंभराहून अधिक घरं, बाजूला पाण्याचा पाट आणि बांध, वस्तीच्या मध्यावर सुखवस्तू लोक. आणि कारागीर? कुंभार, सोनार, मणी घडवणारा, यांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. आमचं सातपूरही नाशिकच्या पश्चिमेलाच. धूर, भट्टी, ठोकाठोक गावाबाहेर राहावी, ही व्यवस्था तेवढी जुनी आहे, आणि ज्यांच्या हातून गावाच्या वस्तू घडतात ते कडेला, हा क्रमही.

हे भांडं रोजच्या घरातलं, पण ते मृत्यूच्या वेळीही हजर असे. या माणसांत लेकरू गेलं तर त्याला घराबाहेर नेत नसत. घरातच जमिनीखाली खड्डा करून, दोन मोठी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत आणि त्यात बाळाला निजवत. ती मडकी साधी, राखाडी, हाताने घडवलेली. पण शेजारी ठेवायचं भांडं मात्र रंगवलेलं, चांगलं: एक वाडगा आणि एक तोटीचं भांडं. प्रवरेकाठच्या नेवाशाला अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांत अडकून कापसा-रेशमाच्या धाग्याचे अंश राहिले होते. मोठ्या माणसांना आडवं पुरत आणि घोट्याखालचे पाय तोडत. मेलेला चालत परत येऊ नये म्हणून, असं अभ्यासक मानतात. मुलाचे पाय कोणी तोडत नसे. ते परत आलं तर हवंच होतं की काय, असं मनात येतं. जमिनीवर आई चूल पेटवते, पाणी भरते, आणि जमिनीखाली, हातभर अंतरावर, तिचं लेकरू आणि त्याच्या उशाशी तिच्या घरातलं सर्वांत देखणं भांडं.

आपल्याकडे आजही माणूस गेला की मडकं लागतं. खांद्यावर भरलं मडकं घेऊन मुलगा चितेभोवती फिरतो, मागून कोणीतरी दगडाने मडक्याला भोक पाडतं, आणि प्रत्येक फेऱ्याला एक धार वाढते. मडक्याच्या अंगातून पाण्याची धार निघाली पाहिजे, हा हट्ट कुठून आला? प्रवरेकाठच्या त्या खड्ड्यापासून रामकुंडापर्यंत एक सरळ रेघ आहे, असं मी म्हणणार नाही. मधे तीन हजार वर्षं, अनेक भाषा आणि अनेक धर्म येऊन गेले. पण गेलेल्या माणसाला धार देणं, आणि ती मातीच्या पोटातून देणं, ही दोन्हीकडची कृती आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या भागात पितरांच्या नावाने घागर भरतात, तेव्हाही मातीचीच लागते. त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरच्या लहान लहान देवळांतही पिंडीवर गळती टांगलेली असते, थेंब थेंब. लग्नात कन्यादानाच्या वेळी हातावर पाण्याची धार धरतात. द्यायचं ते पाण्याच्या धारेने द्यायचं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे.

या घराण्याला दूरदेशी सोयरेही आहेत. नर्मदेकाठच्या नावडातोलीला उघड्या पन्हळीसारख्या तोटीचं भांडं सापडलं, तेव्हा सांकलियांनी १९५५ सालीच त्याची तुलना इराणातल्या भांड्यांशी केली. पण मला ओढ आहे ती त्याहून लांबच्या सोयऱ्याची, ज्याच्याशी आपला कधी पत्रव्यवहारसुद्धा नव्हता. मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ या पट्ट्यात, मेसोअमेरिकेत, माया लोकांच्या पूर्वजांनीही तोटीची भांडी केली. त्यांच्याकडे कुंभाराचं चाक नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, त्या बोटांनी लिंपून भांडं उभं करत. आणि त्या वळ्यांच्या भांड्याच्या खांद्यावरही तोटी. उत्तर बेलीझमधल्या कोलहा इथल्या थडग्यांत ठेवलेल्या अशा भांड्यांच्या आतली खरवड रसायनशाळेत तपासली गेली आणि २००२ साली निष्कर्ष छापला गेला: काही भांड्यांत कोको होता, सर्वांत जुना इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमाराचा. कोकोचं पेय फेसाळ करून पिणं ही त्यांची आवड. एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून धार धरून फेस आणतानाचं चित्र पुढच्या काळातल्या एका माया भांड्यावर रंगवलेलं आहे. तिथेही पेयाचं भांडं मेलेल्यासोबत थडग्यात, तिथेही धारेला महत्त्व, तिथेही तोटी. मधे दोन महासागर. गरज सारखी असली की माती सारखं वागते.

त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं: भांड्यालाच बोलतं केलं. माया लोकांकडे लिपी होती. पुढच्या शतकांत त्यांनी पेल्याच्या काठाभोवती लिहायला सुरुवात केली, की हा अमक्याचा पेला, अमक्या पेयाचा. ग्वाटेमालातल्या रिओ अझुल इथे एका थडग्यात फिरवून बंद होणाऱ्या झाकणाचं भांडं मिळालं. त्यावरच्या चित्रलिपीत माया लिपीचे अभ्यासक डेव्हिड स्टुअर्ट यांनी ‘काकाव’, म्हणजे कोको, असं वाचलं, आणि रसायनशाळेला आत खरोखर कोकोच सापडला. आपल्या तोटीवाल्यावर नाव नाही, गाव नाही. पण पोट त्याचंही रंध्रांचं आहे. जे भरलं त्याचा अंश मातीत मुरतोच. दूध होतं, की आंबवलेलं धान्य, की तेल, हे विचारण्याचं साधन आता आहे. जोर्व्याच्या जेवढ्या तोट्या कपाटांत आहेत, त्या सगळ्यांना हा प्रश्न विचारला जावा, असं मला मनापासून वाटतं.

मेसोअमेरिकेची आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. ओआहाका प्रांतात सान बार्तोलो कोयोतेपेक नावाचं कुंभारांचं गाव आहे. तिथली मडकी पूर्वी राखाडी, बिनचकाकीची आणि दणकट. मेस्काल दारू त्यांतून वाहून नेत. १९५० च्या दशकात दोन्या रोसा या कुंभारणीने भांडं पुरतं वाळण्याआधी दगडाने घासलं, आच थोडी कमी ठेवली, आणि आरशासारखं काळं भांडं निघालं. जगभरच्या घरांतल्या शोभेच्या कपाटांत ते गेलं, गाव सावरलं, कुंभारांची मुलं कुंभार राहिली. मात्र आच कमी झाली आणि भांडं नाजूक झालं. त्याने पाणी किंवा दारू वाहायची नाही. परंपरा टिकवण्याची ही किंमत आहे, आणि माझ्या मते ती द्यावी. हात चालू राहिला तर पुन्हा कधी आच वाढवता येते. हात थांबला तर काहीच करता येत नाही.

आपल्याकडे हात थांबला, पण हळूहळू. इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास पाऊस ओढ देऊ लागला. इनामगावच्या वरच्या थरांत मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात, शेतीपेक्षा शेळ्यामेंढ्या वाढतात. भांडी जाडीभरडी होतात, पूर्वीचा नाद जातो. पोट भरेना तेव्हा माती बारीक करायला वेळ कोण देणार, आणि चढती आच द्यायला सरपण कुठून आणणार? लढाई, आग, कशाचीही निशाणी शोधण्याआधी मी भांडं वाजवून पाहीन. वस्तीची प्रकृती त्यात कळते. इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास इनामगाव ओस पडलं.

सातपूरला आज तोट्यांची कमतरता नाही. आमच्याकडचा मायकोचा कारखाना, आता बॉशचा, डिझेल इंजिनांची नोझल बनवतो. मिलिमीटरच्या पाचव्या भागाहूनही लहान भोकांतून इंधन मोजून सोडायचं, असं ते काम. घेताना भरपूर घ्यायचं आणि देताना नेमकं द्यायचं, ही कल्पना या खोऱ्यातल्या कारागिराला कोणी बाहेरून येऊन शिकवलेली नाही, असं मी माझ्याबरोबर काम केलेल्या मुलांना नेहमी सांगत आलो. आणि रस्त्याकडेच्या माठांनाही आता तोटी असतेच, प्लास्टिकची, आतून वॉशर लावून आवळलेली. फरक इतकाच, की ती खांद्यावरून तळाशी उतरली आहे. माठ स्टँडवर बसतो, पाणी आपोआप येतं. कोणी दोन्ही हातांनी उचलून दुसऱ्याला वाढायची गरज राहिली नाही.

त्र्यंबक रस्त्यावर माठ विकणाऱ्या एका कुंभाराला मी तोटीवाल्याचं चित्र दाखवलं. माझ्याहून बराच लहान, चाक अजून स्वतः चालवणारा. त्याने फोटो मोठा करून पाहिला, अंगठ्याने कंगोऱ्यावरून रेघ ओढली.

“काका, हे कोन्ही केलंय?”

“इथल्याच कुंभाराने. तीन हजार वर्षं झाली.”

“इथल्याच?” तो पुन्हा पाहू लागला. “मंग आम्हालाबी येईन.”

आलं, पण सहजी नाही. पहिल्या भांड्याची तोटी वाळतानाच सुटली. त्याने मला बोलावून जोड दाखवला. “तोटी बारीक, ती आधी वाळली. पोट ओलं ऱ्हायलं. दोन्ही बरोबर वाळले पायजे.” नंतर त्याने पोट आधी करून दिवसभर सावलीत ठेवलं, तोटी संध्याकाळी केली, जोडल्यावर तोटीभोवती ओला कपडा गुंडाळला. कंगोरा मात्र त्याला मनासारखा जमेना. भिंत तिथे जाड राहायची. त्याने चाक हळू फिरवून पाहिलं, वेगाने फिरवून पाहिलं. शेवटी लाकडाची एक पट्टी तासून आतून लावली, तेव्हा कोन उठला. लेथवर आम्ही फॉर्म टूल वापरतो, तसंच हत्यार त्याने तासाभरात करून घेतलं होतं.

भाजून निघालेलं भांडं त्याने आधी वाजवलं, मग माझ्या हातात दिलं. आम्ही पाणी भरून ओतून पाहिलं. धार सरळ पडली, पण थांबवताना एक ओघळ तोटीखालून पोटावर आला. त्याने तोटीचं तोंड निरखलं, कुठे तिरपं कापायचं ते नखाने दाखवलं, आणि म्हणाला, “पुढच्या आव्यात पाच टाकतो. तोटीचे पैसे वायले लागतीन, आधीच सांगून ठेवतो. पन काका, हे ठेवायचं कशावर? बूड सपाट करू का?”

मी नको म्हणालो. त्याने थोडा विचार केला आणि बायकोला हाक मारून चुंबळी वळायला सांगितल्या.